मागची सीट पडत नाही? डबल कॅब पिकअपचं सीट-लॉक दुरुस्त करण्याची योग्य पद्धत

डबल कॅब पिकअपच्या मागच्या सीटची पाठ पुढे पडेनाशी झाली की खरा प्रश्न जॅकचा असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये जॅक, टॉमी (जॅक फिरवायची दांडी) आणि चाकाचा पाना त्या पाठीमागेच ठेवलेला असतो. कसारा घाटात किंवा वणीच्या रस्त्यावर टायर बसला आणि सीटचं हँडल ओढल्यावर ते नुसतंच हातात आलं, तर स्टेपनी असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून हे काम ‘बघू नंतर’ म्हणून सोडू नका.

नाशिक, निफाड, दिंडोरी पट्ट्यात या गाड्या बागेत, मार्केटला आणि घरच्या प्रवासाला अशा तिन्ही कामांना जुंपलेल्या असतात. मागच्या सीटवर माणसं, हौद्यात क्रेट आणि पाठीमागच्या फटीत पोती, दोरखंड, औषधांचे डबे. त्यामुळे इथे सीटचं लॉक शहरातल्या गाडीपेक्षा लवकर कुरकुरायला लागतं. दुरुस्ती अवघड नाही. पण लोक तीन ठिकाणी हमखास चुकतात. लॉकवर दाब असतानाच जोर लावून हँडल ओढतात, दोष वायरमध्ये असताना नवं हँडल विकत आणतात, आणि काम झाल्यावर लॉक न तपासता सीट बंद करून टाकतात. तिसरी चूक सर्वांत महागात पडते, कारण सीट पुन्हा आतून अडकते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

बोल्ट कुठे आणि किती हे गाडीगणिक बदलतं. कुठे पाठ पुढे पडते, कुठे खालची गादी वर उचलून अडकवतात. कामाचा क्रम मात्र दोन्हीकडे हाच.

आधी रचना डोक्यात बसवा

ओढणाऱ्या हातापासून सीट सुटेपर्यंत चार गोष्टी साखळीत असतात.

पहिलं हँडल किंवा कापडी ओढपट्टी. दुसरी वायर, म्हणजे बाहेर आउटर (वरची नळी) आणि आत सरकणारी तार, तारेच्या दोन्ही टोकांना निप्पल, म्हणजे धातूची छोटी गुंडी. तिसरं लॉक, जे बहुधा सीटच्या पाठीच्या सांगाड्याला बोल्ट केलेलं असतं. चौथी कडी, म्हणजे केबिनच्या मागच्या भिंतीला पक्की केलेली जाड सळईची यू आकाराची कडी.

लॉकच्या आत दोन मुख्य तुकडे असतात. एक फिरणारा आकडा आणि दुसरा त्याला अडवणारा खटका. सीट मागे ढकलली की कडी आकड्याला फिरवते, खटका आकड्याच्या खाचेत पडतो आणि ‘खट्’ आवाज येतो. हँडल ओढलं की वायर खटक्याला खाचेतून बाहेर काढते आणि आकडा आपल्या स्प्रिंगने उघडतो. वायरीचं काम एवढंच, खटका उचलणं. आकडा वायरीने उघडत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं निदान यावर उभं आहे.

अखंड बाकासारखी सीट असेल तर दोन बाजूंना दोन लॉक असू शकतात आणि एकाच हँडलवरून दोन वायरी निघतात. अशा सीटची एक बाजू सुटते, दुसरी अडून राहते. तेव्हा सुटलेली बाजू ओढून सीट पिळू नका. सांगाडा वाकला की चांगलं लॉकही कडीवर नीट बसत नाही.

टप्पा १ : दोष कुठे आहे ते हाताने ओळखा

एकही बोल्ट न उघडता हे करायचं. आधी सीटवर बाहेरून शिवून घेतलेलं रेक्झिनचं कव्हर असेल तर ते काढा. ही सूचना पाळली जात नाही आणि बरेचदा दोष तिथेच निघतो. कव्हर बसवणारे कारागीर खालचे हूक जिथे आधार मिळेल तिथे अडकवतात, आणि एखादा हूक लॉकच्या वायरीलाच अडकलेला असतो. कधी कव्हर इतकं ताणलेलं असतं की हँडल पूर्ण वर येतच नाही. कव्हर काढताच सीट पडली तर काम तिथेच संपलं. कव्हर परत घालताना हूक सांगाड्याला लावा आणि हँडलभोवती मोकळी जागा ठेवा.

कव्हर नसेल किंवा काढूनही फरक पडला नाही, तर हँडल सावकाश ओढा आणि हाताला काय जाणवतं ते पाहा.

हँडल सैल आहे, ओढ लागतच नाही. अर्थ असा की साखळी कुठेतरी तुटली आहे. निप्पल हँडलच्या खाचेतून निसटलं असेल, तार तुटली असेल, हँडलचं प्लास्टिक आतून तडकलं असेल किंवा आउटरचं टोक ब्रॅकेटमधून, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या खाचेतून, सुटलं असेल. शेवटची शक्यता लोक विसरतात. आउटर सुटलं की तार ओढण्याऐवजी अख्खी वायरच पुढे सरकते आणि खटका जागचा हलत नाही. यात काही तुटलेलं नसतं, टोक परत खाचेत दाबून बसवलं की झालं.

हँडल दगडासारखं घट्ट आहे. म्हणजे तार आउटरमध्ये गंजून धरली आहे, किंवा लॉकवर दाब आहे. दाबाचा इलाज टप्पा ३ मध्ये आहे. तो करून पाहण्याआधी जोर लावू नका.

ओढ नेहमीसारखी लागते, आतून आवाजही येतो, पण सीट सुटत नाही. तार ताणून लांबली असेल तर खटका अर्धाच उचलला जातो. किंवा खटका सुटतो, पण आकडा धुळीने कडीवर चिकटून बसतो. दोन लॉक असतील तर दुसऱ्या बाजूचं लॉक बंद राहिलेलं असतं.

सीट पडते, पण परत लावली की लॉक होत नाही. हा सर्वांत धोक्याचा प्रकार. आकडा बंद अवस्थेतच अडकलेला असतो, खटक्याची स्प्रिंग गेलेली असते किंवा वायर फार ताणलेली असते.

सावध : शेवटचा प्रकार असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मागे कुणालाही बसवू नका. जोरात ब्रेक लागला की पाठ पुढे येते, तिच्यामागचा जॅक आणि सामानही येतं. काही गाड्यांत मधल्या माणसाचा सीटबेल्ट त्या पाठीतूनच निघतो, म्हणजे पाठ सुटली की बेल्टचाही उपयोग उरत नाही.

टप्पा २ : तयारी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, मागचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडे ठेवा. दरवाजे बराच वेळ उघडे राहणार असल्याने केबिनचा दिवा बंद करा, नाहीतर काम संपेपर्यंत बॅटरी उतरलेली असेल.

थंडीच्या दिवसांत हे काम सकाळी काढू नका. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा प्लास्टिकच्या क्लिपा काचेसारख्या तुटतात. ऊन चांगलं चढू द्या, केबिन तापली की त्याच क्लिपा लवचीक होऊन अलगद सुटतात.

हाताशी हे ठेवा : १०, १२ आणि १४ चे सॉकेट, एक लांब एक्स्टेन्शन, चपटा आणि चौफुली स्क्रू-ड्रायव्हर, नोज प्लायर, क्लिपा काढायची प्लास्टिकची पट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, जुना टूथब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, चिंध्या आणि जाड हातमोजे. काही गाड्यांत सीटचे बोल्ट ताऱ्याच्या आकाराच्या डोक्याचे असतात, त्याला तसाच बिट लागतो. अंदाजाने अॅलन की घालून ते डोकं गोल करू नका. हातमोज्यांचं ऐका, सीटच्या सांगाड्याच्या पत्र्याला धार असते आणि हात आंधळेपणाने आत घालायचा असतो.

आणखी एक वस्तू लागेल, जी या भागात कुठल्याही शेडमध्ये पडलेली असते : द्राक्षाच्या मांडवाची जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार, साधारण दोन फूट. तिचं एक टोक पकडीने वाकवून बोटाच्या पेराएवढा हूक करा आणि दुसऱ्या टोकाला हाताला धरायला वेटोळं. तार दाबून पाहा. ती सहज वाकत असेल तर ती पातळ आहे, दुसरी घ्या.

सुटे भाग आधी आणू नका. लॉक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काय लागणार हे कळत नाही.

तपासा : सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं आहे का? सीटखालून पिवळ्या रंगाचं कनेक्टर गेलं आहे का? यातलं काही दिसलं तर इथेच थांबा आणि गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. काही गाड्यांमध्ये खिडक्यांवर छताच्या कडेने पडदा-एअरबॅग असते. छताजवळचं आणि मागच्या खांबावरचं प्लास्टिक या कामासाठी उचकटायची गरजच नाही, त्याला हात लावू नका.

टप्पा ३ : अडकलेली सीट उघडा

खरं कौशल्य इथे लागतं. खाली दिलेले चार मार्ग याच क्रमाने करा. पहिल्या मार्गाने निम्मी कामं होतात आणि तरीही लोक थेट चौथ्यावर उडी मारतात.

*मार्ग १ : दाब काढा आणि ओढा.* पाठीमागे सामान कोंबलेलं असेल तर ते पाठीला सतत पुढे रेटत असतं. त्या रेट्याने आकडा कडीवर ताणला जातो, खटका खाचेत दाबला जातो आणि कितीही ओढलं तरी उचलला जात नाही. असं ओढत राहिलं की शेवटी तार किंवा हँडल तुटतं, लॉकला काहीच होत नाही. म्हणून एकाने दोन्ही तळहात लॉकच्या अगदी जवळ, पाठीच्या वरच्या कडेला ठेवून पाठ मागच्या भिंतीकडे दाबायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढायचं. एकटे असाल तर पाठीला पाठ लावून पायांनी पुढच्या सीटला रेटा द्या आणि हँडल ओढा. आधी दाब, मग ओढ. दोन-चार वेळा दाबून सोडा, सामान जरा हलतं आणि खटका मोकळा होतो. वरच्या फटीतून हात जात असेल तर अडकलेलं पोतं, ताडपत्री जेवढी ओढून काढता येईल तेवढी आधी काढा.

*मार्ग २ : हँडलपाशी तार पकडा.* हँडल तुटलं असेल पण वायर शाबूत असेल तर हँडलभोवतीची प्लास्टिकची चौकट पट्टीने उचला. आत तारेचं टोक आणि निप्पल दिसेल. निप्पलच्या मागून नोज प्लायरने तार पकडा, प्लायर थोडी पिळून तारेला एक वेढा द्या आणि ज्या दिशेने हँडल ओढायचं त्याच दिशेने ओढा. पाठीवरचा दाब इथेही ठेवायचा. आउटर हलत असेल तर दुसऱ्या हाताने ते ब्रॅकेटमध्ये धरून ठेवा.

*मार्ग ३ : खालून हूक घाला.* तार आतच तुटली असेल तर आधी खालची गादी काढा. गादी बहुधा पुढच्या बाजूला दोन बोल्टवर किंवा दाबून बसवलेल्या क्लिपांवर असते. क्लिपा असतील तर पुढची कड क्लिपेच्या अगदी वर दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचला, मध्ये धरून ओढली तर गादीच्या आतली तार वाकते. गादी पुढे सरकवून बाहेर काढताना सीटबेल्टची बकलं तिच्या फटींतून सोडवा.

आता पाठीच्या खालच्या कडेशी कव्हर प्लास्टिकच्या लांब पट्टीने सांगाड्याला अडकवलेलं किंवा चेनने बंद केलेलं दिसेल. पट्टी खाली दाबून सोडवा. फोम आणि सांगाड्याच्या मधून हात वर घाला. वायर हाताला लागली की तिच्या कडेकडेने लॉकपर्यंत जा. वायर जिथे संपते तिथे बोटाएवढी एक पत्र्याची दांडी असते, तिलाच तारेचं टोक अडकवलेलं असतं. ती खटक्याची दांडी. मांडवाच्या तारेचा हूक तिच्यात अडकवा आणि वायर ज्या दिशेने येते त्या दिशेने ओढा. दिशा चुकली तर दांडी हलणार नाही. तेव्हा जोर वाढवू नका, दिशा बदला. बॅटरीच्या उजेडात मोबाइल आत धरून फोटो काढला तर अंदाज पटकन येतो.

*मार्ग ४ : पाठीचे खालचे बिजागर सोडा.* तिन्ही मार्ग फसले तरच. पाठ खाली ज्या बोल्टवर फिरते ते बोल्ट उघडले की खालची बाजू थोडी पुढे येते आणि लॉकपर्यंत हात पोहोचायला जागा मिळते. बोल्ट गंजलेले असतील तर स्प्रे मारून अर्धा तास थांबा.

सावध : टॉमी किंवा पहार घालून पाठ उचकटू नका. लॉकच्या वर लगेच मागची काच असते आणि टेकू त्या काचेच्या चौकटीवरच येतो. तसंच सीटबेल्ट जमिनीला किंवा खांबाला ज्या मोठ्या बोल्टने बांधलेले असतात, ते सीटचे बोल्ट समजून उघडू नका. ओळखायला सोपं आहे, त्याच्याखाली बेल्टची पट्टी किंवा बकलाची दांडी दिसते.

टप्पा ४ : उघडल्यावर आधी फोटो, मग पाना

सीट सुटली की लगेच एक काम करा : ती परत मागे जाऊन लॉक होऊ नये म्हणून कडीवर चिंधीची जाड गुंडाळी बांधा. मग मागचं सगळं सामान बाहेर काढा.

फोटो काढा. वायर कुठून वळते, कुठल्या क्लिपेत बसते, आउटरचं टोक ब्रॅकेटच्या कुठल्या बाजूला आहे, निप्पल दांडीच्या कुठल्या भोकात आहे, लॉकला वॉशर आहे का. हे पाच फोटो नसले की जोडणीच्या वेळी वायर उलट्या वळणाने जाते आणि महिन्याभरात पुन्हा तुटते.

मग वायर लॉकपासून सोडवा. आधी आउटरचं टोक ब्रॅकेटमधून काढा. त्यामुळे आतली तार ढिली पडते. मग निप्पल आडवं फिरवून दांडीच्या खाचेतून बाहेर सरकवा. उलट क्रमाने, म्हणजे ताणलेल्या तारेचं निप्पल स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला गेलात, तर खाचेचे ओठ फाकतात आणि नवं निप्पलही तिथे टिकत नाही. लॉकचे दोन बोल्ट उघडण्याआधी त्यांच्याभोवती खडूने किंवा मार्करने रेषा मारा. बोल्टची भोकं लांबट असतात, ती रेषा नसेल तर लॉक पुन्हा त्याच जागी बसवायला तास जातो.

टप्पा ५ : लॉक साफ करा आणि नीट पाहा

लॉक हातात घ्या आणि उजेडात धरा. आपल्याकडच्या गाड्यांत त्यात काय सापडतं ते सांगतो. वरच्या थरात मऊ माती, तिच्याखाली जुन्या ग्रीसचा काळा चिकट गोळा आणि त्यात अडकलेले पोत्याचे धागे. बागायतदारांच्या गाडीत आणखी एक गोष्ट दिसते : लोखंडावर तांबूस पापुद्रा आणि त्याच्या कडेने खोल खड्डे. तो साधा गंज नसतो. बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवारणीसाठी) आणलेलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, सीटमागे ठेवलेलं असतं, पोत्यातून थोडं सांडतं, ओल लागते आणि ते द्रावण लोखंडाला खातं. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. असं लॉक घासून चकचकीत करता येतं, पण आकड्याच्या टोकाला खड्डे पडले असतील तर ते बदलाच.

स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, टूथब्रशने घासा, चिंधीने पुसा. चिंधी पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत नव्हे, तर आकडा बोटाने ढकलला की कुठेही न अडखळता फिरेपर्यंत हे करा.

आता वंगण. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे गंज सोडवायला चांगला, पण तो वंगणाची जागा घेत नाही. तो उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो. म्हणून स्प्रे पुसून टाकल्यावर आकड्याच्या आणि खटक्याच्या पिनांना व कडीला जिथे आकडा घासतो तिथे लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. थापू नका, जास्तीचं ग्रीस धूळच धरतं. बेल्टच्या पट्टीवर स्प्रे किंवा ग्रीस उडू देऊ नका.

तपासा : आकडा बोटाने बंद करा, खटका पडल्याचा आवाज आला पाहिजे. मग आकडा उघडायचा प्रयत्न करा, तो अजिबात हलता कामा नये. खटक्याची दांडी ओढा, आकडा आपोआप उघडला पाहिजे. यातली एकही गोष्ट चुकली, स्प्रिंग तुटलेली असली, पिन ढिली होऊन लॉक डावी-उजवीकडे डुलत असलं, तर लॉक नवं घ्या. लॉकला किंवा कडीला वेल्डिंग मारून घेऊ नका. उष्णतेने त्या पोलादाचा कडकपणा जातो, आणि केबिनमध्ये ठिणगी उडाली तर फोम पेटायला वेळ लागत नाही.

टप्पा ६ : वायर किंवा हँडल बदला

भाग मागवताना गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर द्या, डावी का उजवी बाजू ते सांगा आणि जुना भाग सोबत न्या. गाडीचं नाव आणि वर्ष एवढ्यावर पार्ट मागितला की मॉडेल बदललेल्या वर्षात चुकीची वायर हाती येते. दुकानात दोन लांब्या जुळवून पाहा : आउटरची लांबी, आणि आउटरच्या बाहेर उघडी राहणारी तार. लोक पहिलीच मोजतात. दुसरी दहा मिलिमीटरने जास्त असली तर हँडल पूर्ण ओढूनही खटका उचलणार नाही.

सायकलच्या ब्रेकची आतली तार जुन्या आउटरमध्ये घालून काम भागवण्याची पद्धत आहे. तार साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते, पुष्कळदा बसतेही. माझ्या मते ती फक्त नवी वायर मिळेपर्यंत वापरावी. तिचं निप्पल लॉकच्या खाचेत नीट बसत नाही आणि दुसऱ्या टोकाला स्क्रूने आवळलेलं निप्पल धक्क्यांनी सरकतं.

नव्या वायरीत तेल सोडू नका. बहुतेक वायरींच्या आउटरमध्ये आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते कोरडंच चालतं. तेल आणि नाशिकची उन्हाळ्यातली धूळ एकत्र आली की आत चिखल तयार होतो.

बसवताना क्रम असा. आधी लॉकच्या बाजूचं निप्पल दांडीत, मग आउटरचं टोक ब्रॅकेटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. मग वायर जुन्या वाटेने, जुन्या क्लिपांतून न्या. कुठेही घट्ट वळण नको. शेवटी हँडलच्या बाजूचं टोक.

आता ढील पाहा. हँडल सुरुवातीला साधारण दोन मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे, त्यानंतर ओढ लागली पाहिजे. मुळीच ढील नसेल तर खटका कायम अर्धवट उचललेला राहतो, सीट लागल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात सुटते. वायरला जुळवणीचा नट असेल तर त्याने ढील ठेवा. नट नसेल आणि तरी वायर ताणलेली असेल, तर ती वायर तुमच्या गाडीची नाही किंवा वळण चुकलं आहे. फोटो पाहा.

कापडी ओढपट्टी तुटली असेल तर ती शिवून चालते, पण दोऱ्याने नव्हे, नायलॉनच्या जाड धाग्याने, उभ्या-आडव्या टाक्यांत. चपला किंवा सीट शिवणारा कारागीर ते पाच मिनिटांत करतो.

टप्पा ७ : कडी आणि लॉकची रेष

लॉक आधी मारलेल्या रेषेवर ठेवून बोल्ट हाताने लावा, आवळू नका. कडीवरची चिंधी तेवढ्यापुरती सोडा, पाठ लॉक होऊ न देता हळूहळू मागे नेऊन कडी आकड्याच्या तोंडाच्या मधोमध येते का ते पाहा आणि चिंधी परत बांधा. कडीची एक बाजू घासून चमकत असेल तर लॉक त्या बाजूला सरकलेलं आहे, ते तेवढंच उलट्या बाजूला सरकवा. कडी वाकलेली दिसली तर ती हातोडीने सरळ करू नका, बदला.

टप्पा ८ : सीट बंद करण्याआधीची चाचणी

ही चाचणी टाळलीत तर सीट पुन्हा अडकण्याची जोखीम तुमची. पाठ पुढे पडलेलीच ठेवा. कडीच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरची जाड दांडी आकड्याच्या तोंडात दाबा. आकडा बंद होईल. स्क्रू-ड्रायव्हर ओढून पाहा, सुटता कामा नये. मग हँडल नेहमी ओढता तसं ओढा. स्क्रू-ड्रायव्हर सुटला पाहिजे. दोन लॉक असतील तर दोन्हींत दोन स्क्रू-ड्रायव्हर घालून एकाच ओढीत दोन्ही सुटतात का ते पाहा.

हे किमान दहा वेळा करा. दहापैकी एकदा जरी अडकलं तरी सीट लावू नका. वायरची ढील आणि निप्पलची जागा पुन्हा बघा. हे समाधान झाल्यावरच लॉकचे बोल्ट आवळा. बोल्ट किती घट्ट करायचा ते माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) तेवढंच आवळा. बिजागराचे बोल्ट उघडले असतील तर त्यांनाही हाच नियम.

टप्पा ९ : जोडणी आणि शेवटची खात्री

कडीवरची चिंधी काढा. कव्हरची खालची पट्टी अडकवा, गादी बसवा, बकलं फटींतून वर घ्या. जॅक, टॉमी, पाना जागेवर घट्ट बांधा. पाठ मागे नेताना सीटबेल्ट पाठीमागे अडकत नाही ना ते प्रत्येक वेळी पाहा.

पाठ एका दमात मागे ढकला. काही लॉक दोन ‘खट्’ मध्ये बंद होतात, पहिल्या आवाजावर समाधान मानू नका. दोन्ही हातांनी वरची कड धरून पुढे जोरात हिसडा द्या. लॉकपाशी लाल खूण असलेली गाडी असेल तर ती पूर्ण आत गेली पाहिजे. मग सीट पाच-सहा वेळा उघडा-लावा. शेवटी मागे कुणी नसताना, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात एकदा खच्चून ब्रेक मारा आणि पुन्हा हिसडा देऊन पाहा.

पुन्हा बिघडू नये म्हणून

मोरचूद, गंधक आणि खताची पोती सीटमागे ठेवू नका, हौद्यात ताडपत्रीखाली ठेवा. न्यावीच लागली तर झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. पाठीमागे सामान इतकंच ठेवा की पाठ रेटा न देता लॉक होईल. द्राक्षाच्या एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबर छाटणीआधी एकदा लॉक पुसून ग्रीसचा हात दिला तरी पुरे. टायरची हवा तपासाल त्या दिवशी सीटही एकदा पाडून पाहा.

गॅरेजकडे कधी द्यावं

पुढील गोष्टी दिसल्या तर घरी काम पुढे रेटू नका : अपघातानंतर लॉक बिघडलं असेल, केबिनच्या मागच्या पत्र्याला कडीभोवती तडा असेल, सांगाडा पिळलेला असेल, सीटबेल्टची पट्टी लॉकमध्ये चेपून फाटली असेल किंवा सीटमध्ये एअरबॅग असेल. पिनेचं बुश (पिनेभोवतीचं छोटं नळकांडं) झिजलं असेल तर नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात लेथवर नवं करून मिळतं, पण ते हँडलच्या पिनेपुरतंच करून घ्या. लॉकच्या आकड्याची आणि खटक्याची पिन घडवून घेऊ नका. तिथे कंपनीचं पूर्ण लॉकच बसवा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.